उसन्या अवयवांचें यंत्र

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या पुतण्यानें आमच्या घरांतील जेवणाचें टेबल सहा आठवडे अडवून ठेविलें होतें. त्यावर तो जें यंत्र उभारीत होता तें पृथ्वीवर कोठेंहि नाहीं, पुढें कधीं होईल अशी चिन्हेंहि नाहींत. चार पायांचें, जड पावलें टाकीत चालणारें, पाठीवर तोफा वाहणारें असें तें एक काल्पनिक रणयंत्र होतें. अशा यंत्रांच्या प्रतिकृति बाजारांत पेटींत तयार मिळतात. सूचना वाचाव्या, क्रमांकाप्रमाणें भाग चिकटवावे, कीं काम झालें. त्याला तें नको होतें. प्लॅस्टिकचे कोरे पत्रे कापून त्यानें धड स्वतः बांधलें, आणि अंगावरील बारीक तपशिलासाठीं दुसऱ्या प्रतिकृतींच्या पेट्या फोडल्या. एका जर्मन रणगाड्याचीं चाकें, एका लष्करी मालमोटारीच्या सांगाड्याचे तुकडे, एका युद्धनौकेवरील हवा खेळविण्याच्या नळ्या. ज्या पेटींतून असे भाग काढून घेतात तिला या छंदांतील लोक 'डोनर किट' म्हणतात. त्या पेटीला दात्याचा मान दिलेला पाहून मला हंसूं आलें. कर्णापाशीं कवचकुंडलें निदान मागितलीं तरी होतीं. या बिचाऱ्या रणगाड्याला कोणीं विचारलें?

"अरे, लुटलेल्या माणसाला दाता म्हणावें तसें हें झालें," मी म्हणालों.

"काका, आधीं पुरें तर होऊं द्या," एवढेंच उत्तर मिळालें.

मीं तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविलें आहे. त्यामुळें उसनवारी हा विषय माझ्या अगदीं घरचा. तरीहि त्या टेबलाभोंवतीं घिरट्या घालतांना मला दोन प्रश्न सोडीनात. दुसऱ्यांच्या अवयवांनीं घडविलेली वस्तु घडविणाराची म्हणावी काय? आणि जिचा मूळ नमुनाच जगांत नाहीं, तिच्या बाबतींत खरेंखोटें असें कांहीं असूं शकतें काय?

ही पद्धति माझ्या पुतण्यानें काढलेली नव्हे. १९७७ सालीं 'स्टार वॉर्स' हा अमेरिकन चित्रपट निघाला. त्यांतील अंतराळनौका घडविणाऱ्या कारागिरांनीं रणगाडे, विमानें, मोटारी यांच्या प्रतिकृतींच्या पेट्या विकत आणून त्यांचे भाग नौकांच्या अंगावर चिकटविले होते. स्टॅन्ले कुब्रिकच्या १९६८ मधील '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटांतहि हीच युक्ति आहे. कारण उघड आहे. गुळगुळीत वस्तूला आकार असतो, पण माप नसतें. कोरा डबा पडद्यावर दाखविला तर तो काडेपेटीएवढा कीं किल्ल्याएवढा, हें डोळ्याला उमगत नाहीं. त्यावर शंभर लहान उंचवटे, नळ्या, झांकणें बसवा. डोळा आपण होऊन त्यांना माणसाच्या हाताच्या मापानें मोजूं लागतो आणि डबा प्रचंड होतो. पुढें १९८० सालीं 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आला. त्यांतील बर्फाळ ग्रहावरच्या लढाईंत चार पायांचीं राक्षसी यंत्रें संथपणें चालून येतात, आणि पाहणाराच्या पोटांत खड्डा पडतो. तीं प्रत्यक्षांत फूट-दोन फुटांचीं बाहुलीं होतीं. फिल टिपेट, जॉन बर्ग वगैरे कलावंत त्यांचे पाय केसभर हालवीत, एक चित्र घेत, पुन्हां केसभर हालवीत; पडद्यावरील एका सेकंदास अशीं चोवीस चित्रें लागत. त्यांच्या पायांखालच्या बर्फांत खाण्याचा सोडा होता, आणि त्यांच्या चालीसाठीं या मंडळींनीं हत्तीच्या चालण्याचा अभ्यास केला होता. जें यंत्र कोठेंच नाहीं तें खरें वाटावें म्हणून, जो प्राणी आहे त्याच्याकडे त्यांना जावें लागलें.

येथें मला एच्. जी. वेल्सची आठवण होते. त्याची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी मासिकांतून १८९७ सालीं व पुस्तकरूपानें १८९८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत मंगळावरचे जीव तीन पायांच्या उंच यंत्रांत बसून इंग्लंडवर चालून येतात. कथा ऐन रंगांत असतां तिचा निवेदक मध्येंच थांबून एका चित्रकाराविरुद्ध तक्रार करतो. त्यानें म्हणे हीं यंत्रें कलत्या, ताठर तिपायांसारखीं रेखाटलीं. त्यांचा लवचिकपणा त्याला मुळींच साधला नाहीं. तरुणपणीं मला ही तक्रार निव्वळ विनोदी वाटली होती. यंत्रें वेल्सनें पाहिलीं नव्हतीं, चित्रकारानेंहि पाहिलीं नव्हतीं. मग चुकलें तें काय? आतां वाटतें, वेल्सचेंच बरोबर होतें. कल्पना करावयाची कीं नाहीं हें आपल्या हातीं असतें. पण ती एकदां केली, कीं तिचीं बंधनें आपल्या हातीं राहत नाहींत. हें यंत्र चालतें असें म्हटलें, कीं त्याला गुडघा हवा; गुडघ्याला वंगण हवें; वंगण घालणाऱ्या माणसाला तेथवर चढावयास शिडी हवी.

माझा पुतण्या ही शिडी लावण्यांत एक सबंध रविवार घालवितांना मीं पाहिला आहे. प्रत्येक भाग चिमट्यांत धरून तो त्याला जणूं उलटतपासणीस उभा करी: हें काय करतें? एका संध्याकाळीं त्यानें यंत्राच्या खांद्यावर युद्धनौकेच्या तोफेखालचें एक दांतेरी वर्तुळ बसविलें. सबंध यंत्रांत तेवढें देखणें दुसरें कांहीं नव्हतें. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों तें खरवडून काढलेलें.

"काय झालें?"

"काका, तें कांहींच करीत नाहीं."

"आणि बाकीचे भाग करतात? तुझ्या त्या नळ्यांतून वारा वाहतो वाटतें?"

"नाहीं वाहत. पण वाहिला तर कोठून कोठें जाईल, तें मला ठाऊक आहे."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. चित्रपटांतील कारागीर इतके काटेकोर नव्हते, हें सांगितलें पाहिजे. पुष्कळ भाग त्यांनीं केवळ दिसावयास बरे म्हणून लाविले, आणि ज्या नौकेचें दर्शन दोन क्षणांचें तिला तेवढें पुरतें. त्यांना दोष देणें म्हणजे नाटकांतल्या राजवाड्याचें पाठीमागचें गोणपाट उचकटून पाहण्यासारखें आहे. तथापि टेबलावरच्या वस्तूकडे माणूस तासभर पाहतो, आणि घडविणारा तर तिच्याकडे आठवडेच्या आठवडे पाहत असतो.

रंग देण्यापूर्वीं तें यंत्र एखाद्या गोधडीसारखें दिसत होतें. चाकें हिरवीं, नळ्या करड्या, पत्रे पांढरे. प्रत्येक तुकडा आपलें कूळ ओरडून सांगत होता. मग एके सकाळीं पुतण्यानें गच्चीवर नेऊन त्यावर राखी रंगाचें अस्तर फवारलें. पांच मिनिटांत सर्व कुळें नाहींशीं झालीं. चोरी पचली, असें माझ्या मनांत आलें. पण तो आनंदला नाहीं. भिंग घेऊन बसला आणि शिसपेनीनें खुणा करूं लागला. तोंपर्यंत रंगांच्या भेदांत लपलेली प्रत्येक फट, प्रत्येक ओरखडा, अंगठ्याचा ठसा उमटलेला डिंकाचा ओघळ त्या एकसारख्या राखी रंगांत उठून दिसत होता. भाग कोठून आला हें अस्तरानें झांकलें होतें; तो नीट सांधला आहे कीं नाहीं हें मात्र उघडें पाडलें होतें.

शेक्सपियरनें 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मधील राणीच्या नौकेचें वर्णन प्लुटार्कच्या नॉर्थकृत भाषांतरांतून जवळजवळ उचललेलें आहे, हें मी दरवर्षीं वर्गांत सांगतों. प्लुटार्कच्या हातीं तें चरित्रांतलें एक वर्णन आहे. नाटकांत तेंच एका रांगड्या सैनिकाच्या तोंडीं येतें, आणि अँटनी तिला सोडून राहूं शकणार नाहीं हें तें ऐकतांनाच आपल्याला कळतें. त्या उताऱ्याला तेथें काम आहे. माझ्या पुतण्याच्या प्रश्नाला तो उतारा उत्तर देऊं शकतो.

मला तें एकदां देतां आलें नव्हतें. 'हॅम्लेट'वरील माझ्या व्याख्यानांत एक वाक्य असे. विद्यार्थिदशेंत कोण्या टीकाकाराच्या ग्रंथांत वाचलेलें, थोडें वळवून घेतलेलें, मोठें झोंकदार वाक्य. तें उच्चारलें, कीं वर्ग स्तब्ध होई, आणि ती स्तब्धता मी वर्षानुवर्षें आपल्या नांवावर जमा करीत आलों. एका वर्षीं मागल्या बांकावरची एक मुलगी उभी राहून अगदीं सरळपणें म्हणाली, "सर, म्हणजे नेमकें काय?" तिच्या स्वरांत उद्धटपणा मुळींच नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. मीं तेंच वाक्य दुसऱ्या शब्दांत म्हणून दाखविलें. ती उभीच होती. तेवढ्यांत घंटा झाली. त्या घंटेनें मला झालेला आनंद अजून विसरतां येत नाहीं. पुढच्या वर्षीं तें वाक्य मीं गाळलें नाहीं, हेंहि येथें लिहिलें पाहिजे.

जपानांत को योकोयामा नांवाचे एक कलावंत आहेत. १९८२ पासून 'हॉबी जपान' या मासिकांत त्यांनीं अशाच फोडलेल्या पेट्यांतून सैनिकांचीं यांत्रिक कवचें व चालतीं यंत्रें घडवून दाखविलीं. तीं इतकीं लोकप्रिय झालीं, कीं एका कारखान्यानें त्यांच्याच प्रतिकृति पेट्यांत घालून बाजारांत आणल्या. आतां त्या पेट्याहि कोणीतरी फोडतो, आणि त्यांचे भाग तिसऱ्याच यंत्राला लावतो. ही हकीकत पुतण्यानें मला मोठ्या कौतुकानें सांगितली. त्यांत कोणाचें कांहीं गेलें असें त्याला वाटत नव्हतें, आणि योकोयामांच्या बाबतींत मलाहि वाटत नाहीं.

यंत्र पुरें होऊन कपाटावर गेलें. टेबल मोकळें झालें. चाकें नसलेला तो रणगाडा मात्र आपल्या पेटींत पडून आहे. टाकून देऊं का, म्हणून विचारलें तर पुतण्या म्हणाला, "छे, त्याच्यांत अजून पुष्कळ आहे."

त्या रात्रीं मीं व्याख्यानांची जुनी वही काढली, आणि कोणता विचार कोठून आला तें समासांत शिसपेनीनें लिहूं लागलों. पहिल्या पानावर चार नांवें झालीं, दुसऱ्यावर दोन. तिसऱ्या पानावर तें वाक्य होतें. टीकाकाराचें नांव पुष्कळ वेळ आठवून पाहिलें, आठवेना. मग त्याच्या जागीं त्या मुलीचा प्रश्न लिहून ठेविला.