साक्षी की स्वामी: सुमोच्या फडाभोवतीचा प्रेक्षक

सुमो ही जपानी मल्लविद्या क्रीडा आहे की धर्मविधी, या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे; परंतु त्याच्याच पोटात असलेला दुसरा प्रश्न, म्हणजे सुमोच्या फडाभोवती बसणाऱ्या प्रेक्षकाचे स्थान नेमके कोणते, हा सहसा मागे पडतो. देवतेसमोर होणाऱ्या विधीला माणसाची नजर लागते का, लागत असेल तर त्या माणसाच्या टाळीला, हुर्योला आणि सुस्काऱ्याला विधीमध्ये काही अर्थ असतो का, आणि तसा अर्थ असला तर त्यातून प्रेक्षकाला कोणता अधिकार मिळतो, असे हे तिपेडी कोडे आहे. जपानमध्ये वर्षाला पंधरा-पंधरा दिवसांच्या सहा मुख्य स्पर्धा होतात. त्यांपैकी तीन टोकियोत आणि बाकीच्या ओसाका, नागोया व फुकुओका येथे भरतात. यांतील ओसाकाच्या मार्च महिन्यातल्या स्पर्धेत २०१६ ते २०२० या काळात असे चार प्रसंग घडले की ते ओळीने पाहिले असता हे कोडे निव्वळ पुस्तकी राहत नाही.

ज्या ओट्यावर कुस्ती होते त्याला दोह्यो म्हणतात. चोपून घट्ट केलेल्या मातीच्या या चौरस ओट्यावर भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या पुरून ४.५५ मीटर व्यासाचे वर्तुळ आखलेले असते, आणि त्या वर्तुळाबाहेर पाऊल पडले किंवा पायांच्या तळव्यांखेरीज शरीराचा कोणताही भाग मातीला टेकला की मल्ल हरतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ग्योजी, म्हणजे कुस्तीचा पंच, शिंतो पुरोहिताच्या वेशात या ओट्याची पूजा बांधतो. मध्यभागी केलेल्या खळग्यात धुतलेले तांदूळ, मीठ, चेस्टनट, कोम्बू नावाचे समुद्रशैवाल, वाळवलेले माखूल आणि काया या वृक्षाच्या बिया ठेवून तो खळगा बुजवला जातो. शेवटच्या दिवशी बक्षीससमारंभ उरकल्यावर त्या स्पर्धेत नव्याने दाखल झालेले मल्ल एका ग्योजीला हवेत उचलून झेलतात आणि तेथे आलेल्या देवतांना निरोप देतात. मराठी वाचकाच्या परिचयाच्या भाषेत सांगायचे तर आवाहन आणि विसर्जन यांच्यामधल्या पंधरा दिवसांत तो ओटा देवस्थान असतो, आणि त्यावर चाललेली प्रत्येक कुस्ती देवतेच्या उपस्थितीत होत असते. तरीही याच ओट्याच्या इतिहासात देवतेने माणसाच्या डोळ्यासाठी जागा सोडल्याचे एक ठळक उदाहरण आहे. ओट्यावरील छताला पूर्वी चार खांबांचा आधार होता आणि ते खांब चार दिशांचे व चार ऋतूंचे प्रतीक मानले जात. मागे बसलेल्यांना त्यांची आड येते म्हणून १९५२ साली ते काढून टाकण्यात आले, छत वरून टांगण्यात आले, आणि खांबांच्या जागी हिरवे, तांबडे, पांढरे व काळे असे चार मोठे गोंडे लोंबू लागले. दिशांचे पावित्र्य गोंड्यांत सामावले आणि दृष्टी मोकळी झाली. ही तडजोड वरवरची वाटत असली, तरी प्रेक्षकाला विधीच्या रचनेतच स्थान आहे याची ती स्पष्ट कबुली होती.

तसे पाहता हे स्थान जुनेच आहे. एदो काळात सुमोचे जाहीर फड देवळांच्या व मठांच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी जमवण्याच्या निमित्ताने भरत. १६५७ च्या भीषण आगीत मेलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या एकोइन या मठाच्या आवारात १८३३ पासून ते नियमित भरू लागले. म्हणजे प्रेक्षकाच्या खिशातला पैसा हा दानाचा भाग होता आणि त्याचे पाहणे हाही पुण्याचा एक प्रकार होता. आवडता मल्ल जिंकला की शौकीन आपली टोपी किंवा हाओरी हा वरचा अंगरखा ओट्याकडे भिरकावत. ती वस्तू घेऊन मल्लाकडचा माणूस नंतर मालकाकडे जाई आणि वस्तू परत करून बक्षिसी घेऊन येई. १९०९ मध्ये टोकियोत कोकुगिकान ही बंदिस्त वास्तू उभी राहिली तेव्हा ही चाल बंद करण्यात आली. आज सर्वोच्च पदावरील मल्ल, म्हणजे योकोझुना, एखाद्या खालच्या क्रमांकाच्या मल्लाकडून हरला की बैठकीच्या गाद्या ओट्याच्या दिशेने उडतात, आणि ती जुनीच चाल या रूपाने उरली आहे असे मानले जाते. गाद्या फेकू नका असे वारंवार सांगितले जाते, त्या उडू नयेत म्हणून फुकुओकात त्या एकमेकींना जोडल्याही गेल्या. परंतु मनाई असूनही टिकून राहिलेली कृती ही बहुधा केवळ बेशिस्त नसते, तिच्यामागे एखादी जुनी समजूत दबून असते.

ती समजूत कोणती हे समजून घ्यायला भरताचे नाट्यशास्त्र अनपेक्षितपणे उपयोगी पडते. भरताने प्रयोगाच्या यशाला सिद्धी म्हटले आणि तिचे मानुषी व दैवी असे दोन प्रकार मानले. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या प्रतिसादातून प्रकट होते: स्मित, मोठे हास्य, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार, वाढत जाणारा गलका, अंगावरचे रोमांच, आसनावरून उठून उभे राहणे, आणि नटाच्या दिशेने वस्त्रे व अंगठ्या फेकणे. एदोतला हाओरी फेकणारा शौकीन या यादीत कोणतीही ओढाताण न करता बसतो. दैवी सिद्धीचे लक्षण मात्र अगदी वेगळे आहे, कारण तिच्यात गलका नसतो, क्षोभ नसतो, उत्पात नसतो आणि तरीही रंगस्थान माणसांनी पूर्ण भरलेले असते. भरताच्या दृष्टीने प्रेक्षकाचा आवाज हा प्रयोगाला बाहेरून चिकटलेला अभिप्राय नाही. तो प्रयोग पूर्ण झाल्याचे प्रमाण आहे, आणि भरगच्च शांतता हे त्याहून वरचे प्रमाण आहे.

सुमोमध्ये हा विचार आणखी एका अंगाने खरा ठरतो. मल्लाने विजयानंतर मूठ उंचावू नये, हसू नये, पराभवानंतर चरफडू नये असा संकेत आहे. १९३९ च्या जानेवारीत फुताबायामा या योकोझुनाची सलग ६९ विजयांची मालिका आकिनोउमीने खंडित केली तेव्हा सभागृहात गाद्यांचा वर्षाव झाला; स्वतः फुताबायामाने मात्र आपण अजून लाकडी कोंबडा होऊ शकलो नाही, एवढाच मजकूर तारेने कळवला. हा संदर्भ चीनच्या च्वांग्झ या प्राचीन ग्रंथातील कथेचा आहे: राजासाठी झुंजीचा कोंबडा तयार करणारा शिक्षक दर दहा दिवसांनी विचारणा झाली की अजून वेळ आहे असे सांगत राहतो, आणि शेवटी इतर कोंबड्यांचे आरवणे ऐकूनही जो जागचा हलत नाही, लाकडाचा असावा असा दिसतो, तो तयार झाला असे कळवतो. गीतेतील स्थितप्रज्ञ ज्याला परिचित आहे त्याला हा आदर्श परका वाटणार नाही. विचार करण्यासारखी गोष्ट ही की मल्लाने आवरलेली भावना नाहीशी होत नाही, ती ओट्यावरून उतरून बैठकीत जाते. अभिनवगुप्ताने नटाला पात्र म्हणजे भांडे म्हटले, कारण भांडे रस धारण करते पण चाखत नाही, चाखणारा तो सहृदय प्रेक्षक. लाकडी कोंबड्याभोवतीचा गदारोळ याच अर्थाने त्या कुस्तीचा उरलेला अर्धा भाग होय.

येथून ओसाकाकडे वळता येते. सुमोची कुस्ती पंचाच्या इशाऱ्याने सुरू होत नाही. दोघे मल्ल समोरासमोर ओणवे बसतात, मुठी मातीला टेकवतात आणि एकमेकांचा श्वास जुळला की एकाच क्षणी उसळून धडकतात. या पहिल्या धडकेला ताचिआइ म्हणतात. म्हणजे लढतीचा आरंभ प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या मूक कराराने होतो. धडक द्यायची असे दर्शवून ऐनवेळी बाजूला सरकण्याला हेन्का म्हणतात. ती नियमबाह्य नाही, पण त्या कराराला बगल देणारी आहे, आणि म्हणूनच ती घडली की सभागृहातून निराशेचा एक दीर्घ हुंकार उठतो. २०१६ च्या मार्चमध्ये अखेरच्या दिवशी हाकुहो या योकोझुनाने हारुमाफुजी या दुसऱ्या योकोझुनाविरुद्ध हेन्का केली, लढत क्षणार्धात आटोपली आणि त्याला छत्तिसावे विजेतेपद मिळाले. परंतु बक्षीससमारंभाच्या वेळी प्रेक्षकांचा निषेध इतका तीव्र होता की त्याने रडत क्षमा मागितली. योकोझुनाकडून सामर्थ्याबरोबर हिन्काकु, म्हणजे पदाला शोभणारी प्रतिष्ठा, अपेक्षित असते, आणि ती कोणत्याही नियमावलीत मोजून दिलेली नाही. पंचाने विजयी ठरवलेल्या मल्लाला जनसमुदायाने अपुरा ठरवले, आणि त्या मल्लाने तो निवाडा मान्य केला. धर्म आणि नियम यांच्यातले अंतर अशा वेळी सभागृहाच्या आवाजातून ऐकू येते; या प्रसंगी प्रेक्षक साक्षीदाराचे काम अत्यंत प्रामाणिकपणे करत होते, असे म्हणावे लागते.

पुढच्याच वर्षी त्याच सभागृहात हा अधिकार कसा नासतो ते दिसले. स्पर्धेच्या चौदाव्या दिवशी तेरुनोफुजी या मंगोलियात जन्मलेल्या मल्लाने कोतोशोगिकुविरुद्ध हेन्का केली. ओझेकी हे दुसऱ्या क्रमांकाचे पद गमावलेल्या कोतोशोगिकुला ते परत मिळवण्यासाठी दहा विजय हवे होते, आणि या पराभवाने ती संधी गेली. प्रेक्षकांचा संताप समजण्यासारखा होता; पण त्या संतापातून काही जणांच्या तोंडून जे शब्द निघाले ते ‘मंगोलियाला परत जा’ असे होते. दुसऱ्या दिवशी जखमी खांद्यानिशी उतरलेल्या किसेनोसातो या जपानी योकोझुनाने तेरुनोफुजीला लागोपाठ दोनदा हरवून विजेतेपद मिळवले, आणि त्यांतील पहिल्या लढतीत तो स्वतःही धडकेच्या क्षणी बाजूला सरकला होता. त्या वेळी सभागृह आनंदाने दुमदुमले. दुखावलेल्या मल्लाने जिद्दीने लढावे याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे, आणि किसेनोसातोच्या धैर्याला त्यामुळे काही उणेपणा येत नाही. मात्र एकच कृती एकाच्या बाबतीत द्रोह आणि दुसऱ्याच्या बाबतीत पराक्रम ठरू लागली की निवाडा कृतीवरून माणसाच्या जन्मस्थानावर घसरलेला असतो. साक्षीदार पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही देतो, तर मालक आपल्या वस्तूवर हक्क सांगतो, आणि त्या चौदाव्या दिवशी काही प्रेक्षक साक्षीदाराची जागा सोडून मालकाच्या जागी जाऊन बसले. ज्या मातीत सर्वांच्या वतीने देवतेचा नैवेद्य पुरला होता तिच्यावर कोणी उभे राहावे, हे जन्मावरून ठरवण्याचा हक्क त्यांना कोणी दिला होता, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे, कारण या माणसांना आपण परंपरेचेच रक्षण करत आहोत असे वाटत होते.

२०१९ च्या मार्चमधला प्रसंग उलट दिशेचा आहे. सर्वच्या सर्व पंधरा लढती जिंकून बेचाळिसावे विजेतेपद मिळवलेल्या हाकुहोने मुलाखतीच्या शेवटी प्रेक्षकांना तालात टाळ्या वाजवायला सांगितले. हेईसेई या सम्राटयुगातील ती अखेरची स्पर्धा होती आणि त्याच्या मनात निरोपाचा भाव होता. सभागृहाने आनंदाने साथ दिली. तथापि तालबद्ध टाळ्यांचा तो सांगतेचा विधी समारंभाच्या अगदी शेवटी, नव्या मल्लांसह, देवतांना निरोप देण्याच्या वेळी करायचा असतो, आणि देवता अजून ओट्यावर असतानाच तो उरकला गेला या कारणाने सुमो संघटनेने हाकुहोला ठपका दिला, तर त्याच्या प्रशिक्षकाच्या वेतनात कपात केली. अनेकांना ही शिक्षा क्षुल्लक गोष्टीचा बाऊ वाटली. ज्यांनी कधी उत्तरपूजेपूर्वी मूर्ती हलवू न देणारे घरातले वडीलधारे पाहिले असतील त्यांना संघटनेची अस्वस्थता कळू शकेल. पण या शिक्षेतून आणखी एक गोष्ट सिद्ध होते: हजारो लोकांची टाळी देवतेच्या दृष्टीने अर्थहीन असती, तर ती चुकीच्या वेळी वाजली म्हणून कोणाचे काही बिघडले नसते.

मग २०२० चा मार्च आला आणि महासाथीमुळे ती स्पर्धा रिकाम्या सभागृहात झाली. पहिल्या दिवशी संघटनेचे अध्यक्ष हाक्काकु यांनी ओट्यावरून केलेल्या भाषणात मल्लांच्या पाय आपटण्याने जमिनीतील अनिष्ट शक्ती दाबली जाते या प्राचीन श्रद्धेची, आणि योकोझुनाच्या प्रवेशविधीमागील सुपीकतेच्या व शांततेच्या प्रार्थनेची आठवण करून दिली. सिद्धांताच्या दृष्टीने विधीत काहीही कमी नव्हते, कारण देवता आवाहन केलेल्या होत्या, मीठ उधळले जात होते, आणि ओठांना पाणी न लावता का होईना पण लढतीपूर्वी मल्लाला दिल्या जाणाऱ्या शक्तिजलाचा उपचारही पाळला जात होता. दूरचित्रवाणीवर मल्लांचे श्वास, पायांची घसट आणि कपाळावर कपाळ आदळल्याचा आवाज आजवर कधी नव्हे इतका स्पष्ट ऐकू येत होता. गलका नव्हता, क्षोभ नव्हता. तरी ती दैवी सिद्धी नव्हती, कारण भरताच्या व्याख्येतील पूर्णता, म्हणजे भरलेले रंगस्थान, तेथे नव्हते. बोलू शकणाऱ्यांनी मौन पाळणे आणि बोलायला कोणीच नसणे यांतला फरक त्या पंधरा दिवसांनी दाखवून दिला.

त्याच वर्षीची जुलैची स्पर्धा नागोयाऐवजी टोकियोत झाली. रोज सुमारे २,५०० प्रेक्षकांनाच प्रवेश होता आणि ओरडण्यास मनाई असल्याने फक्त टाळ्या वाजवता येत होत्या. ती स्पर्धा तेरुनोफुजीने जिंकली. दरम्यानच्या काळात गुडघ्याच्या दुखापतींनी आणि आजाराने तो ओझेकीपदावरून घसरत तळापासून दुसऱ्या श्रेणीपर्यंत गेला होता आणि तेथून पुन्हा वर चढून आला होता. पुढच्या वर्षी तो योकोझुनाही झाला. ज्याला एकेकाळी परत जायला सांगितले गेले होते त्याच्यासाठी शब्दांवाचून वाजलेली ती टाळी कितीतरी वेळ चालली, आणि तिच्यात कोणताही दावा नव्हता.

अशी दाव्यावाचूनची साक्ष आणखी एका ठिकाणी पाहायला मिळते. सेतो अंतर्देशीय समुद्रातील ओमिशिमा बेटावर ओयामाझुमी नावाचे प्राचीन देवस्थान आहे. तेथे भातलावणीच्या उत्सवात आणि पुन्हा शरदात एकट्याची कुस्ती होते. एक मल्ल ओट्यावर उतरतो आणि न दिसणाऱ्या भाताच्या देवतेशी झुंजतो. मिठी मारतो, रेटला जातो, तोल सावरतो आणि कोसळतो. तीन लढतींपैकी दोन देवतेने जिंकायच्या असतात, म्हणजे पीक चांगले येते. निकाल सर्वांना आधीच ठाऊक असतो. तरीही भोवती जमलेले लोक दरवेळी श्वास रोखून पाहतात, मधली एक लढत माणसाने जिंकली की टाळ्या वाजवतात, आणि शेवटी तो माणूस पाठीवर आपटला की त्याहून मोठ्याने आनंद करतात.