चिलटाचे ऋण



सडक्या डाळिंबावर घोंघावणारी चिलटे आपण हाताने उडवून लावतो. त्यांच्याच जातीची माशी शास्त्रज्ञ कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, अभ्यासासाठी पाळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी १९७०च्या दशकातच या माशीवर संशोधन सुरू केले होते. पुढे २००० साली अमेरिकेत मेल फीनी व वेल्कम बेंडर यांनी या रोगाशी निगडित मानवी जनुक माशीत घातले. तिच्या मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरू लागल्या आणि काचेच्या नळीत वर चढण्याची तिची शक्ती वयाआधीच गेली.

आपल्या आजारासाठी निरोगी जिवाला आजारी करावे का? “माशीच तर आहे” हे उत्तर पुरेसे नाही. तीही देवानेच निर्माण केली. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो, की माणसाचा जीव वाचवायला किंवा त्याची शुश्रूषा करायला मदत होत असेल, तर वाजवी मर्यादेत असे प्रयोग करता येतात. विनाकारण पीडा देणे मात्र माणसाला शोभत नाही. म्हणजे ही मुभा रोग्याच्या गरजेमुळे मिळते. आपण बलवान आहोत म्हणून मिळत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांचा थरथरता हात आपण २००५ पर्यंत पाहिला. या रोगाला थांबवणारे औषध अजून नाही. ज्या गरजेपायी माशी मरते, ती गरज शेजारच्या घरात असताना आपण तिथे चहाचा कप धरायलाही जात नसू, तर ती मुभा कोणत्या तोंडाने मागायची? या आठवड्यात एका तरी रोग्याला भेटून या.

आपला,
धर्मगुरू