चोर, साव आणि सावकार

कायद्याचा भंग झाला एवढ्यावरून एखाद्या कृत्याची अनैतिकता सिद्ध होते काय, आणि तो झाला नाही म्हणून ते कृत्य निर्दोष ठरते काय? मूकपटाच्या काळातील दोन चित्रपट शेजारी ठेवले असता हा प्रश्न टाळता येत नाही.

ई. डब्ल्यू. हॉर्नंग यांच्या कथांवरून निघालेल्या १९१७ च्या अमेरिकन मूकपटात जॉन बॅरिमोरने रंगविलेला रॅफल्स हा क्रिकेटपटू आहे. ज्या अभिजनांत तो वावरतो, त्यांचेच जडजवाहीर तो लांबवितो. तरीही तो निसटावा असेच प्रेक्षकाला वाटते. कारण रत्नहार गेल्याने कोणाची चूल विझत नाही. बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये मात्र शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात व्ही. शांताराम यांनी तो तरुण शेतकरी साकारला होता.

मराठीत 'चोर' या शब्दाचा प्रतियोगी 'साव' आहे, आणि 'सावकार' या शब्दात हा साव वसतीला आहे. रॅफल्स सावाचा आव आणतो. पण तो रात्री आणि लपून चोरी करतो. या लपण्यातच वस्तू दुसऱ्याची असल्याची कबुली असते. सावकाराला लपावे लागत नाही. दस्तऐवज, अंगठा आणि मुदत यांच्या बळावर तो मालकीच पालटून घेतो. म्हणून त्याच्या कृत्यात अपराधाची जाणीवही उरत नाही.

हा पाश केवळ पडद्यावरचा नव्हता. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे वाढलेल्या डेबूजीने, म्हणजे पुढील काळातील गाडगे महाराजांनी, मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिली. पुढे त्यांनी कीर्तनांतून कर्ज काढून सण-समारंभ करू नका असे सांगितले. हा उपदेश ऋणकोला सावध करतो. धनकोच्या दस्तऐवजाची नैतिक तपासणी मात्र त्याने पूर्ण होत नाही.

रॅफल्सला क्षमा करणारा प्रेक्षक उदार असतो असे नव्हे. त्याच्या क्षमेची त्याला किंमत मोजावी लागत नाही, आणि मालकी कशी निर्माण झाली हेही विचारावे लागत नाही. 'सावकारी पाश' नेमके तेच विचारावयास लावतो. चोर कोण, हे ठरविण्यापूर्वी साव कोणी ठरविला, याचा शोध घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.