चाल टाळता येत नाही

हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरे, वजीर सरळही आणि तिरकाही, राजा कुठेही पण एकच घर, प्यादे चालते पुढे आणि मारते तिरके. पट मांडताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर हवे. राजाला शह बसला आणि सुटकेची वाट उरली नाही, की मात. बुद्धिबळाची एवढी तोंडओळख तासाभरात होते. पण या खेळाचा पाया मला ओझरत्या सांगितल्या जाणाऱ्या एका नियमात दिसतो: आपली पाळी आली की चाल करावीच लागते. दैव मोठे की प्रयत्न, या जुन्या वादातही मी याच नियमाचा आधार घेईन.

पटावर तीनच मोहरी ठेवून पाहा. पांढरा राजा ई-५ वर, त्याच्या मागे ई-४ वर पांढरे प्यादे, समोर ई-७ वर काळा राजा. पाळी काळ्याची असेल तर त्याला बाजूला सरावेच लागते. पांढरा राजा पुढे घुसतो आणि प्यादे शेवटच्या घरात जाऊन वजीर होते. पाळी पांढऱ्याची असेल तर, काळा नीट खेळल्यास, डाव बरोबरीत सुटतो. मोहरी तीच, घरे तीच. स्वस्थ बसण्याची मुभा असती तर दोघांनीही ती घेतली असती. कर्म केल्यावाचून क्षणभरही कोणी राहत नाही, हे गीतेचे सांगणे आणि त्यावर टिळकांनी ‘गीतारहस्या’त उभारलेला कर्मयोग इथे तीन लाकडी मोहऱ्यांत दिसतो.

यावर कोणी म्हणेल, पटावर फासे नसतात, आयुष्यात असतात. महागाव तालुक्यातल्या कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्याला पाऊस कोण सांगणार? आक्षेप खरा आहे आणि तो हलका लेखणे हा अन्याय ठरेल. पण पावसाचा भरवसा नसला तरी पहिल्या सरीवर पेरायचे की थांबायचे हे ठरवावेच लागते. थांबणे हीसुद्धा चालच. त्याचा अर्थ प्रत्येक हार हरणाऱ्याचा दोष, असा मुळीच नाही. राजाला शह नाही आणि कायदेशीर चालही उरलेली नाही, अशा वेळी डाव बरोबरीत धरतात. ज्याला वाटच उरली नाही त्याला हा खेळ हरलेला म्हणत नाही, ही त्यातली मोठी न्यायबुद्धी मला वाटते.

पांढरी मोहरी मिळणे हेही दैवच, असा दुसरा आक्षेप. पहिली चाल पांढऱ्याची, म्हणून थोडा फायदा असतो हे मान्य. तरी जुलै २०२५मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीविरुद्धचा निर्णायक जलद डाव काळ्या मोहऱ्यांनीच जिंकला.

म्हणून महागावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मुलांपुढे बत्तीस मोहरी मांडण्याआधी एक दिवस फक्त दोन राजे आणि एक प्यादे मांडा, आणि पाळी कोणाची आहे ते आधी विचारा.