वानवळा आणि पाठभेद

एखादी गोष्ट आपण दुसऱ्यासाठी करतो असे म्हणतो, तेव्हा त्या कृतीत तो दुसरा कितपत उपस्थित असतो? प्रश्न जुना आहे. माझ्यापुढे तो पुन्हा उभा राहिला, तो मात्र एका केकमुळे.

निवृत्तीनंतर चॉकलेटचा तिखट केक करण्याचा छंद मला जडला. चॉकलेट आणि मिरची ही जोडी विक्षिप्त वाटली तरी नवी नाही. युरोपीय लोक मेक्सिकोत पोचण्यापूर्वीच तेथे कोकोच्या कडवट पेयात मिरची मिसळली जात असे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागून याने नाहुआ जाणकारांच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या ग्रंथात अशा पेयांचे अनेक प्रकार नोंदले आहेत. पुढे स्पॅनिश लोकांनी त्यात साखर घातली. १८२८ मध्ये हॉलंडात कोकोतील स्निग्धांश दाबून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले आणि कोकोची पूड सुलभ झाली. ‘मूळ पाठ’ म्हणून बोट ठेवावे असे या पदार्थात काही उरलेलेच नाही. तेव्हा मीही निःशंकपणे पाठभेद करीत गेले : कधी सुकी लाल मिरची व दालचिनी, कधी मिरे, कधी सुंठ. प्रत्येक भेदाचा वानवळा शेजारी जाई आणि भांडे परत येताना अभिप्रायही येई.

शेजारच्या वहिनींचा अभिप्राय नेहमीच चांगला असे. एकदा घास घेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळले. मी ते मिरचीचे यश मानले. औषधोपचारांमुळे त्यांच्या तोंडात व्रण पडले होते, हे मला महिन्याभराने समजले. त्यांनी सांगितले नव्हते, मी विचारले नव्हते. त्यांच्या न सांगण्याला सौजन्य म्हणता येईल. माझ्या न विचारण्याला कोणते नाव द्यावे?

तिखटपणा ही काटेकोर अर्थाने चव नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन दाह जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतविते. म्हणजे आपण जिला रुची म्हणतो, ती सोसवेल एवढी वेदना असते. सोसवेल किती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाच्या संदर्भात देश, काळ आणि पात्र यांचा विचार आला आहे. पात्र म्हणजे घेणाऱ्याची योग्यता, असा अर्थ आपण सहसा करतो. मला आता वाटते, त्यात परीक्षा देणाऱ्याचीही आहे : समोरचे माणूस त्याला दिसते काय?

यावर कोणी म्हणेल, घेणाऱ्याच्या जिभेप्रमाणेच करावयाचे तर करणाऱ्याचे स्वत्व ते काय राहिले? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती शिरलेले पाठभेद दूर करण्यासाठी. ग्रंथाच्या बाबतीत ते योग्यच होते, कारण तेथे निष्ठा शब्दाशी असते. वानवळ्यात ती खाणाऱ्याशी असावी लागते. तेथे पाठभेद हा धर्म ठरतो. माझे पाठभेद मात्र माझ्याच कुतूहलातून निघाले होते. वहिनी त्यांत केवळ परीक्षक होत्या.

नंतर मी त्यांना विचारून, मिरची न घालता, दुधात भिजवलेला मऊ केक केला. मला स्वतःला तो अळणी वाटला. वहिनींनी दुसरा तुकडा मागून घेतला. तोवर त्यांनी कधीच मागितला नव्हता, हे मला तेव्हा आठवले.