लढाई तिकडची, भाव इकडचा

बीडच्या मोंढ्यात किंवा गेवराईच्या एखाद्या जिनिंगबाहेर सकाळी चहाच्या टपरीवर उभं राहिलं, की पाच मिनिटांत पुतीन, नेतान्याहू आणि ट्रम्प हे शेजारच्या गल्लीत राहत असल्यासारखे बोलण्यात येतात. ट्रम्पना तर आपल्याकडे 'तात्या' ही पदवीच मिळाली आहे. रात्री तात्यांनी काय केलं याची चौकशी होते आणि मग कुणीतरी विचारतं, "ते राहू द्या, कापूस काय निघाला?" शहरातल्या माणसाला याचं हसू येतं. जग पेटलंय आणि यांना भावाची पडलीय! मला मात्र त्या सगळ्या गप्पांतला हाच प्रश्न सर्वांत जाणता वाटतो. खटकतं ते उत्तर. "तिकडं युद्ध चालूय ना, मग पडणारच." सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो.

हे उत्तर जुनं आहे, दीडशे वर्षांहून जुनं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. त्यांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर शेअर चढू लागले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करली आणि त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईत पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. (त्या तेजीतली एक खूण, प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर, अजून तास देते.) बीड तेव्हा निजामाच्या मुलखात. बीड शहरात पहिली रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी; लिव्हरपूलच्या कापूसबाजारातला भाव मात्र रेल्वेची वाट न बघता बैलगाड्यांवरून दख्खनमध्ये पोचला होता.

तेव्हाच्या कुणब्याला यातलं काय कळलं असेल? भाव चढला, सावकारानं हात सैल सोडला. भाव उतरला, सावकारानं हात आवळला. अमेरिका त्याला दिसत नव्हती, सावकार दिसत होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला आणि मग नगरकडच्या गावांत, म्हणजे बीडच्या अगदी शेजारी, लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानं कारणांमध्ये कापसाच्या तेजीमंदीचाही विचार केला होता. सुप्याच्या बाजूला कापूस होता तरी किती, म्हणून इतिहासकारांत त्यावर वाद आहे, आणि तो रास्त आहे. मला महत्त्वाची वाटते ती लोकांची नजर. दुःखाचं मूळ ते हाताला लागेल अशा ठिकाणी शोधत होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा ही नजर सावकाराच्या ओसरीवरून कचेरीपर्यंत आणि कचेरीतून सरकारपर्यंत गेली. दादाभाई नौरोजी तिला लंडनपर्यंत घेऊन गेले.

पुढची पन्नास-साठ वर्षं लढाईची बातमी म्हणजे साम्राज्याची अडचण आणि आपली संधी, असा हिशेब होता. निजामी राज्यात तर वर्तमानपत्रं काढण्याचीच मारामार. आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' पत्र सुरू केलं ते पुण्यातून. स्वातंत्र्यानंतर, १९७३ साली, बहात्तरचा दुष्काळ अंगावरून उतरतो न उतरतो तोच अरब-इस्रायल युद्ध झालं आणि पिंपाला तीन डॉलर असलेलं तेल काही महिन्यांत बारा डॉलरवर गेलं. डिझेल, रॉकेल, रासायनिक खत, सगळ्यावर 'अरबांनी तेल वाढवलं' हे एकच स्पष्टीकरण चिकटलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

उरलेलं अर्धं शरद जोशींनी सांगितलं. १९८० च्या सुमारास त्यांच्या शेतकरी संघटनेनं मांडलेली गोष्ट साधी होती: शेतमालाचा भाव आभाळातून पडत नाही, तो पाडला जातो. निर्यातबंदीनं, आयातीनं, लेव्हीनं. नव्वदच्या दशकात जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाचं त्यांनी स्वागत केलं तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. जगाचा बाजार येऊ द्या, मधला हात काढा, असं ते म्हणत होते. त्यांचं सगळंच पटावं असं नाही. जगाचा बाजार किती लहरी असतो, याला त्यांच्या मांडणीत पुरेशी जागा नव्हती असं मला वाटतं. पण भाव हे नशीब नसून धोरण आहे, हे त्यांनी गावोगाव पोचवलं. बारसं-मयतीच्या गप्पांतही लोक निर्यातबंदीवर बोलू लागले.

आणि आता चोवीस तास बातम्या हातात असताना आपण पुन्हा 'युद्ध चालूय ना' वर आलो आहोत.

२०२५ चा हंगाम बघा. रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं भारतावर जादा शुल्क लावलं आणि २७ ऑगस्टपासून ते एकूण ५० टक्के झालं. म्हणजे युक्रेनच्या युद्धाची किंमत तिरुपूरच्या कपड्यांवर आली. गिरण्या आणि निर्यातदार अडचणीत, म्हणून दिल्लीनं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे वेचणीचे दिवस. त्यातच सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सिंदफणा आणि बिंदुसरा काठ सोडून वाहिल्या होत्या, बोंडं झाडावरच भिजली होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. पण सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर आधी मोबाइल ॲपवर नोंदणी, मग ग्रेडरच्या हातातलं ओलावा मोजायचं मीटर. तो गाडीतल्या कापसात मीटर खुपसतो, आकडा आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. परत निघालेल्या गाडीला खेडा खरेदीवाला वाटेतच गाठतो आणि हमीभावाच्या बराच खालचा आकडा सांगून वर समजूत घालतो, "तात्यांनी टॅरिफ लावलाय, आम्ही तरी काय करणार?"

तात्यांनी टॅरिफ लावला हे खरंच. पण आयातशुल्क तात्यांनी माफ केलं नव्हतं.

२०२२ मध्ये काय झालं होतं? पीक कमी, कोविडनंतरची मागणी, त्यात युक्रेन. कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. तेव्हाही १४ एप्रिलपासून आयातशुल्क माफ झालं, कारण कापूस महाग झाला होता. २०२५ मध्ये ते माफ झालं, कारण अमेरिकेचं दार बंद झालं. कारणं अगदी उलट, उपाय तोच, भार त्याच खांद्यावर. डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीला तर कुठल्या युद्धाचंही निमित्त लागलं नाही. कडा-आष्टीच्या कांदावाल्यांनी ती भोगली.

गिरणी कामगाराचं पोटही कापसावरच आहे, तिरुपूरइतकंच इचलकरंजीचंही. शुल्क माफ करायला सरकारपाशी कारण असेलही. मग शेतकऱ्याला भावातल्या फरकाची रक्कम का नाही, हा प्रश्न त्याच दिवशी, त्याच पानावर विचारला जायला हवा. तो विचारला जात नाही, कारण आपलं बोलणं मॉस्कोहून थेट मोंढ्यात उडी मारतं. मधे दिल्लीला थांबतच नाही.

बीडच्या दैनिकांना म्हणून एक विनंती. पहिल्या पानावर क्षेपणास्त्रं जरूर छापा, लोक वाचतात. पण शेजारी एक चौकट टाका: कापूस, सोयापेंड, खाद्यतेल आणि कांदा यांच्यावर आज आयात-निर्यातीचं शुल्क किती, बंदी कशावर, ती कुठल्या तारखेला लागली आणि कधी उठणार. आणि वाचकांनो, खासदार गावात आले की इराणचं काय होणार हे त्यांना विचारू नका. ती चौकट पुढे करा आणि त्यावर ते लोकसभेत काय बोलले, तेवढं विचारा.