शेजाऱ्याचा सूर

कोजागिरी उलटली की अवसरी खुर्दची पहाट काकड्याची होते. पुणे-नाशिक रस्त्यावरची वर्दळ अजून वाढलेली नसते. देवळात चार म्हातारी माणसं, दोन-तीन शाळकरी पोरं आणि घरचं आवरून आलेल्या बायका जमतात. पखवाज्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापतो, बोटांनी दाबून पाहतो, थोडी काढतो, पुन्हा लावतो. खर्ज मनासारखा लागला की टाळकऱ्यांकडे बघून मान हलवतो. मग काकडआरती सुरू होते आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आंबेगाव-जुन्नरच्या कितीतरी गावांत हा नेम चुकत नाही. देवाला उठवायला निघालेली माणसं आधी स्वतः उठतात, हा या व्रताचा मोठा लाभ.

अशी अंधारातली प्रार्थना मराठी बोलणाऱ्या आणखी एका समाजातही आहे. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू समाजात, ज्यू पंचांगातला एलुल महिनाभर पहाटे उठून क्षमेच्या प्रार्थना म्हणतात. त्यांना सेलिहोत म्हणतात. महिना सरला की भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास त्यांचं नवं वर्ष लागतं. जुनी माणसं त्याला ‘नव्याचा सण’ म्हणायची. पाठोपाठ कडक उपासाचा दिवस येतो, त्याला ‘दारफळणीचा सण’. सणांची ही नावं कोकणच्या मातीतली आहेत. आडनावंही तशीच: किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चौलकर. पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, असं हा समाज परंपरेनं सांगत आला. तेलाचा घाणा चालवायचे आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळून शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, बांधलं. आपल्या पुण्यात रास्ता पेठेत याच समाजाचं सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग आहे, 1921 सालचं.

नव्याच्या सणाला सिनेगॉगमध्ये शोफार फुंकतात. शोफार म्हणजे बहुधा मेंढ्याचं खरं शिंग. गाईबैलाचं चालत नाही. आतला गाभा काढून टाकायचा, टोकाला भोक पाडायचं, एवढीच त्याची कारागिरी. तुकडे जोडून केलेला शोफार चालत नाही आणि जिथे ओठ टेकतात तिथे सोन्याचा मुलामाही चालत नाही. श्वास आणि शिंग यांच्यामध्ये काही येऊ द्यायचं नाही. नादही ठरलेले: एक लांब अखंड नाद, मग तीन तुटक हुंदके, मग नऊ झटपट ठोके. रूढीप्रमाणे त्या दिवशी असे शंभर नाद होतात. सण शनिवारी आला, तर शब्बाथसाठी शोफारही गप्प राहतो.

आपल्याकडे देवाच्या पालखीपुढे शिंग फुंकणारा उभा असतो. त्याचं शिंग आता धातूचं, निमुळत्या तुकड्यांचं, चंद्रकोरीसारखं वळलेलं. पण वाजवण्याची रीत शोफारसारखीच आहे. सनईसारखी त्याला पत्ती नाही, बोटांसाठी भोकं नाहीत. ओठ घट्ट मिटून, गाल ताणून, पोटातला वारा सोडायचा. त्यातून मोजके दोन-तीन स्वर निघतात. राग आळवायला ही वाद्यं जन्मलीच नाहीत. माणसाला हातातलं काम टाकून वर बघायला लावणं, हे त्यांचं काम. यमनियमांनी बांधलेल्या सिनेगॉगमध्ये आणि गुलालानं माखलेल्या पालखीपुढे त्या आवाजाला छातीत होणारी धडधड मात्र एकच असते.

ज्यूंचं जेरुसलेममधलं मंदिर इसवी सन 70 मध्ये उद्ध्वस्त झालं. त्याआधी तिथे वीणेच्या जातीची तंतुवाद्यं होती, झांजा होत्या, कर्णे होते. ज्यू धर्मग्रंथातल्या 150व्या स्तोत्रात शिंग, डफ, झांजा यांची नावंच येतात. मंदिर गेलं, तेव्हा त्या दुःखात आणि शब्बाथच्या नियमांमुळे उपासनेतली वाद्यं थांबली. मागे उरला माणसाचा गळा आणि हा शोफार. शतकानुशतकं सिनेगॉगमधली प्रार्थना निव्वळ आवाजावर चालत आली. टाळ-पखवाजाशिवाय भजनाची कल्पनाही न करणाऱ्या आपल्याला हा त्याग कळायला हवा.

अशा समाजानं महाराष्ट्रात एक सुंदर गोष्ट केली. 1880च्या सुमारास काही बेने इस्रायली मंडळी कीर्तन ऐकून भारावली आणि त्यांनी आपल्याच धर्मग्रंथातल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचायला घेतली. बेंजामिन अष्टमकर हे या परंपरेच्या सुरुवातीच्या कीर्तनकारांपैकी. साचा नारदीय कीर्तनाचा घेतला. साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंग, सारं मराठी कानाला ओळखीचं. साथीला पेटी, तबला, झांज. आख्यान मात्र आब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. प्रार्थनेच्या वेळेचे नियम जसेच्या तसे ठेवले आणि तिच्या बाहेर कीर्तनाला जागा दिली.

आब्राहामाचं आख्यान डोळ्यांपुढे आणून पाहा. देवाच्या आज्ञेवरून बाप पोटच्या पोराला वेदीवर ठेवतो, सुरी उगारतो, आणि ऐनवेळी देवाचा दूत त्याला थांबवतो. झुडपात शिंगं अडकलेला मेंढा दिसतो, तो बळी जातो. शोफारसाठी मेंढ्याचं शिंग निवडण्यामागे हीच आठवण आहे. आता ही कथा दिंडीच्या चालीवर ऐकणारी, चिलया बाळाची गोष्ट जात्यावर ऐकत वाढलेल्यांच्या शेजारी राहणारी एखादी आजी मनात आणा. श्रीयाळ-चांगुणेच्या दुःखानं जो गळा दाटतो, तोच आब्राहामाच्या दुःखानंही दाटणार. कथा दूरच्या वाळवंटातली असली, तरी डोळ्यांत पाणी आणणारी चाल कोकणातलीच होती.

1948 नंतर या समाजातली बहुसंख्य माणसं इस्राएलला गेली. तिथेही मराठी बंद पडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथून काढलं आणि कीर्तनातली जुनी पदं, विशेषतः बायकांनी, गात ठेवली. गाव सोडून दूर गेलेल्या माणसाला आपल्या धर्मातली कथा शेजाऱ्याच्या चालीत आठवावी, यापेक्षा शेजारधर्माची मोठी पावती ती कोणती?

दुसऱ्याचा सूर असाच ऐकून आपलासा करणाऱ्या, बाहेरून आलेल्या एका ज्यू संगीतकाराची इथे आठवण होते. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून, तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिन उठवणारी, ज्यांची म्हणून सांगितली जाते, ते वॉल्टर कॉफमन. मध्य युरोपातून 1934 मध्ये ते मुंबईला आले. भारतीय संगीताच्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना ते संगीत परकं वाटलं होतं. पण त्यांनी विचार केला की लाखो माणसं ज्यावर जीव टाकतात त्यात काहीतरी असणारच, तेव्हा उणीव आपल्या कानात आहे. मग ते या संगीताच्या जन्मभूमीतच येऊन शिकले, मुंबई आकाशवाणीवर त्यांनी काम केलं आणि पुढे उत्तर हिंदुस्थानी रागांवर मोठा ग्रंथ लिहिला.

मला या साऱ्यात आपल्या गावासाठी एक शिकवण दिसते. बेने इस्रायलींनी शोफारमध्ये कसलीही तडजोड केली नाही. जे मुळातलं, जे जागं करणारं, ते नियमासकट सांभाळलं. कथा सांगायची वेळ आली तेव्हा मात्र शेजाऱ्याची चाल मन मोकळं करून घेतली. घेण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली होती: ते शेजाऱ्याच्या कीर्तनाला जाऊन बसले होते. ऐकल्याशिवाय उचललेली चाल नुसती नक्कल ठरते. ऐकून, मुरवून घेतलेली चाल पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

आपल्याकडे शिंग फुंकणारे, संबळ वाजवणारे गोंधळी, सनईवाले, हलगीवाले अजून आहेत. त्यांना बोलावणं जत्रेपुरतं किंवा लग्नापुरतं येतं, आणि तिथेही डीजेच्या भिंतीपुढे त्यांचा आवाज बुडतो. त्यांची पोरं हे शिकतील का, हा प्रश्न सरकारी अनुदानापेक्षा आपल्या कानांवर जास्त अवलंबून आहे. समोर बसून मनापासून ऐकणारं कुणी असलं, की वाजवणाऱ्याचा पोरगाही वाद्याला हात लावतो. आपल्याच गावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बाहेरगावची मुलं-मुली शिकायला येतात. त्यांनाही पहाटेच्या काकड्याला बोलवावं, आणि त्यांच्या गावाकडच्या चाली कोणत्या, हेही आवर्जून विचारावं.

आज दिवसभरात एवढं करावं. संबळ किंवा सनई वाजवणारं ओळखीचं कुणी भेटलं, तर सुपारी न देता, कार्यक्रम न ठरवता, त्यांच्या ओसरीवर टेकावं आणि म्हणावं, “काका, मला ऐकायचंय. निवांत वाजवा.” नंतर दाद द्यावी, वाद्य कसं बनतं ते विचारावं, पुढच्या वेळी घरातलं एक पोर सोबत न्यावं. आपला सूर आपण असा जपला, तर शेजाऱ्याचा सूर घरात आला तरी भीती वाटणार नाही, आणि आपला त्याच्या घरी गेला तरी परका राहणार नाही.